तोंड वाकडे झाले म्हणजे

सकाळी दात घासून चूळ भरावी, आणि तोंडातले पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून आपोआप ओघळून अंगावर पडावे. दचकून आरशात पाहावे, तो चेहऱ्याची एक बाजू नेहमीची आणि दुसरी कोणा परक्याची वाटावी! हा प्रसंग ज्याच्यावर ओढवला असेल त्याला त्या क्षणाची भीती कोणी वर्णन करून सांगावयास नको. घरातील मंडळी गोळा होतात. एकजण म्हणतो, रात्री खिडकी उघडी टाकून निजलात, वारे लागले. दुसरा हळूच म्हणतो, अर्धांगवायूचा झटका दिसतो. शेजारच्या वडीलधाऱ्या बाई चेहऱ्याला डाग देणाऱ्या कोणा जाणत्याचा ठावठिकाणा सांगतात, आणि ह्या सल्लामसलतीत दिवस मावळतो. वाचकहो, त्या मावळलेल्या दिवसाची किंमत किती असते, हेच आज प्रथम सांगावयाचे आहे. आणि त्या निमित्ताने, मेंदूपासून निघून चेहरा, डोळे, कान, जीभ व घसा ह्यांना जाणाऱ्या मज्जातंतूंची परीक्षा डॉक्टर कशी घेतात व तीतून त्यांना काय कळते, तेही पाहावयाचे आहे.

तोंड वाकडे होण्याची दोन कारणे मुख्य. एक, मेंदूतील रक्तवाहिनी बंद होणे किंवा फुटणे, म्हणजे ज्याला आपण पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतो ते. दुसरे, मेंदू धडधाकट असून चेहऱ्याच्या स्नायूंना हुकूम पोचविणारा मज्जातंतूच वाटेत निकामी होणे. पहिल्यात जीव जाण्याचे भय असते. दुसऱ्यात बहुधा ते नसते. दोन्हींत चेहरा मात्र जवळजवळ सारखाच दिसतो. मग डॉक्टर ते कसे ओळखतात? ते रोग्याला म्हणतात, "भुवया वर करा पाहू." एवढी एक गोष्ट करून दाखविण्यावर पुष्कळसे अवलंबून असते. तोंडाचा कोपरा खाली ओघळलेला आहे, परंतु भुवया वर करताच कपाळावर दोन्ही बाजूंस सारख्या आठ्या पडतात, असे दिसले तर दोष मेंदूत असण्याचा संभव अधिक. एका बाजूचे कपाळ इस्त्री केल्यासारखे गुळगुळीत राहिले आणि त्या बाजूचा डोळाही मिटेना, तर दोष मज्जातंतूत.

असे का व्हावे? शेतकरी कुटुंबातील वाचकांना हे चटकन समजेल. एखाद्या वावराला विहिरीचे आणि कालव्याचे असे दोहोंकडून पाणी मिळत असेल, तर एक पाट बंद पडला तरी पीक वाळत नाही. चेहऱ्याच्या वरच्या भागाची, म्हणजे कपाळाची, अशीच सोय आहे. त्याला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतात. गाल व ओठ ह्यांना मात्र प्रामुख्याने विरुद्ध बाजूच्या अर्धाकडूनच मिळतात. म्हणून मेंदूचा एक भाग दगावला की तोंड वाकडे होते, पण कपाळ शाबूत राहते. मज्जातंतू हा मात्र दोन्ही पाण्यांच्या पुढचा, थेट वावरात शिरणारा शेवटचा पाट. तोच फुटला तर विहीर आणि कालवा दोन्ही भरलेले असून उपयोग काय?

ही खूण वाचून कोणी घरच्या घरी निकाल देऊन टाकावयास मात्र निघू नये. मेंदूच्या बुंध्यात, नेमका हा मज्जातंतू जेथून उगवतो त्या ठिकाणी रक्तपुरवठा तुटला तर कपाळही निकामी होऊ शकते, आणि मग ही खूण फसविते. एकाएकी तोंड वाकडे झालेल्या माणसाला, कपाळावर आठ्या पडोत वा न पडोत, त्याच घटकेस इस्पितळात न्यावयाचे असते. त्यातही हात उचलून धरता न येणे, बोलणे बोबडे होणे किंवा समजेनासे होणे, झोक जाणे, एकाचे दोन दिसणे, ह्यांपैकी काहीही जोडीला असेल तर एक मिनिटही दवडू नये. १०८ किंवा ११२ ह्या क्रमांकावर गाडी मागवावी. आणि घड्याळ पाहावे. माणूस शेवटचा ठीक केव्हा दिसला, ही वेळ कागदावर लिहून घ्यावी. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचे सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. म्हणजे दारात गाडी येण्यापासून सुई टोचेपर्यंत सगळे ह्या साडेचार तासांत बसवावयाचे. काही निवडक रोग्यांत मोठी गुठळी नळीने ओढून काढण्याचा उपचार त्यानंतरही शक्य असतो. परंतु त्या आशेवर विसंबून घरी बसणे हा शहाणपणा नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या प्रत्येक घरात मायेपोटी चुकते. माणूस कोसळला की आपण प्रथम काय करतो? घोटभर पाणी पाजतो. पक्षाघातात घशाचे स्नायू चालविणारी यंत्रणा बिघडलेली असू शकते. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया मूळ रोगाइतकाच घातक ठरू शकतो. डॉक्टर गिळण्याची परीक्षा घेईपर्यंत तोंडात पाणी, चहा, गोळी, अंगारा काहीही घालू नये.

आता दुसरा प्रकार. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या ह्या अचानक येणाऱ्या दुबळेपणाला पाश्चात्य वैद्यक 'बेल्स पाल्सी' म्हणते. आयुर्वेदात ह्याच लक्षणसमूहाला अर्दित असे नाव आहे. सर चार्ल्स बेल हे १७७४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद. वॉटर्लूच्या लढाईतील जखमींवर त्यांनी उपचार केले होते. ते उत्तम चित्रकारही होते, आणि मनातील भाव चेहऱ्यावर कोणत्या स्नायूंनी उमटतात ह्याविषयी चित्रकारांसाठी त्यांनी १८०६ साली पुस्तक लिहिले होते. चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतू निराळा आणि स्पर्शाचा निराळा, ह्या प्रश्नाचा त्यांनी माग काढला व १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. चेहरा बारकाईने पाहण्याची चित्रकाराची सवय डॉक्टराच्या कशी कामी येते, याचे ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

हा मज्जातंतू कानामागील हाडातल्या एका अरुंद, वळणावळणाच्या बोगद्यातून चेहऱ्याकडे येतो. काही कारणाने, बहुधा नागिणीच्या जातीतील सुप्त विषाणू जागा झाल्यामुळे असे मानतात, त्याला सूज येते. हाड पसरत नाही. सुजलेला तंतू स्वतःच्याच बोगद्यात चेपला जातो. खिडकीतून आलेल्या वाऱ्याचा येथे काही संबंध असल्याचे सिद्ध झालेले नाही. ह्याच तंतूतून जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानातील एका इवल्याशा स्नायूला जाणारे धागे जातात. म्हणून काही रोगी सांगतात की, आमटी अळणी लागते, आणि स्वयंपाकघरात भांड्याला भांडे लागले तरी त्या बाजूच्या कानात हातोडा बसल्यासारखे वाटते. हे ऐकून घरचे लोक 'आता ह्यांना भ्रमही झाला' असे म्हणतात. भ्रम नव्हे तो. डॉक्टरांना सांगावयाची ती मोलाची माहिती आहे, कारण तंतूवर दाब नेमका कोठे आहे याचा माग तिच्यावरून लागतो.

ह्या रोगाचे भवितव्य चांगले आहे. डेन्मार्कमध्ये औषध न घेतलेल्या दीड हजारांहून अधिक रोग्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरांपैकी ७१ जण पूर्ण बरे झाल्याचे आढळले. डाग देणाऱ्यांची, ताईत बांधणाऱ्यांची आणि कबुतराचे रक्त चोळणाऱ्यांची ख्याती ह्या ७१ जणांवर चालते! प्रश्न उरतो तो बाकीच्या २९ जणांचा. स्कॉटलंडमध्ये झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर परीक्षणात, तोंड वाकडे झाल्यापासून ७२ तासांच्या आत दहा दिवस प्रेड्निसोलोन हे सूज उतरविणारे औषध सुरू केलेल्यांपैकी शंभरी ९४ जण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न दिलेल्यांत हे प्रमाण ८२ होते. म्हणजे येथेही घड्याळ आहेच, फक्त ते तासांऐवजी तीन दिवसांचे आहे. हे औषध मधुमेही माणसाची साखर वाढविते. तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ते दुकानातून आणून घेऊ नये.

परंतु औषधापेक्षाही पहिल्या दिवसापासून जपावयाचा तो डोळा. डॉक्टर "डोळे घट्ट मिटा" म्हणतात तेव्हा निकामी बाजूची पापणी अर्धीच येऊन थांबते, आणि उघड्या राहिलेल्या फटीतून बुबुळ वर सरकलेले व खालचे पांढरे दिसते. घरच्यांना हे दृश्य भयंकर वाटते. वस्तुतः डोळे मिटताना आपणा बहुतेकांची बुबुळे वर जातात. पापणी आड असल्यामुळे ते कधी दिसत नाही, एवढेच. खरे भय आहे ते डोळा उघडा राहून कोरडा पडण्याचे. पारदर्शक पडद्यावर धूळ बसते, जखम होते, फूल पडते, आणि चेहरा सुधारला तरी दृष्टी गेलेली असते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम व पापणी मिटून वरून चिकटपट्टी, बाहेर पडताना चष्मा, एवढ्याने हे टळते. पट्टी मात्र नीट बसवून घेण्यास शिकावे. सैल पट्टी उघड्या डोळ्यावर घासली तर रोगाहून उपाय वाईट.

कानात किंवा कानामागे पाण्याच्या फोडी आहेत काय, हेही घरी पाहून ठेवावे. असल्यास ती नागीण होय, आणि तिला विषाणूवरचे औषधही लागते. आणि चेहरा एका रात्रीत न बिघडता आठवड्यामागून आठवडे हळूहळू ओघळत गेला असेल, किंवा चार महिन्यांत यत्किंचितही सुधारणा नसेल, तर त्याला बेल्स पाल्सी म्हणून स्वस्थ बसता येत नाही. कानाखालील लाळग्रंथीत किंवा तंतूच्या मार्गात गाठ नाही ना, हे शोधावे लागते.

आपल्या देशात ह्याच मज्जातंतूला ग्रासणारा आणखी एक रोग आहे, आणि त्याच्याविषयी अजूनही मोकळेपणाने बोलले जात नाही: कुष्ठरोग. तो एका रात्रीत तोंड वाकडे करीत नाही. चेहऱ्याच्या तंतूची जी फांदी गालाच्या हाडावरून पापणीकडे जाते, तिला तो चोरपावलांनी गाठतो. ओठ चांगले, हसू चांगले, फक्त झोपेत एक डोळा किंचित उघडा राहतो. बायको म्हणते, "ह्यांची झोप सशाची आहे." गालावर एखादा फिकट चट्टा असतो, त्याला खाज नाही, दुखणे नाही, म्हणून कोणी त्याची दखल घेत नाही. अशा माणसाला डॉक्टर प्रथम सांगतात, "डोळे अलगद मिटा, झोपल्यासारखे," आणि मग "आता घट्ट मिटा." अलगद मिटण्यात राहिलेली फट घट्ट मिटण्यात झाकली जाऊ शकते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. नंतर ते कापसाच्या धाग्याचे टोक बुबुळावरील पडद्याला कडेने हळूच लावतात. निरोगी डोळा तत्क्षणी मिटतो. ज्याच्या चेहऱ्याचा स्पर्श वाहून नेणारा, म्हणजे पाचव्या जोडीचा, मज्जातंतूही ग्रासलेला आहे, तो नुसता पाहत राहतो. पापणी मिटत नाही आणि खडा गेला तरी कळत नाही, असे दोन्ही दोष एकत्र आले म्हणजे डोळा किती दिवस टिकणार! कुष्ठरोगावर १९८२ सालापासून अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेला आहे, तो सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतो, आणि तो सुरू होताच रोग्यापासून दुसऱ्याला संसर्ग होण्याचे भय लवकरच संपते. आपल्या देशात दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी, ही सीमा २००५ च्या अखेरीस गाठली गेली. पण रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हे. नवे रोगी आजही सापडतात. लाजेने लपविलेला चट्टा पुढे डोळा घेऊन जातो, म्हणून हे इतक्या विस्ताराने लिहिले.

चेहऱ्याचा तंतू ही सातवी जोडी. मेंदूपासून डोक्यातूनच बाहेर पडणाऱ्या अशा एकंदर बारा जोड्या आहेत. प्राचीन काळी गालेनने सातच मोजल्या होत्या. आजची बारांची गणना १७७८ साली झोमरिंग ह्या जर्मन शारीरशास्त्रज्ञाने केली. साऱ्यांची परीक्षा घेण्यास सरावलेल्या डॉक्टरांना दहा मिनिटे पुरतात, आणि साहित्य म्हणाल तर एक बॅटरी, थोडा कापूस, एक बोथट टाचणी, नाद करणारा लोखंडी चिमटा व जीभ दाबावयाची चपटी काडी.

पहिली जोडी वासाची. एकेक नाकपुडी बंद करून कॉफी किंवा लवंग हुंगावयास देतात. नवसागर आणि चुना ह्यांचा उग्र दर्प येथे कामाचा नाही, कारण त्याचा झोंबणारा भाग पाचव्या जोडीला कळतो. वास गेलेला माणूसही नाक मुरडतो! २०२० नंतर वास जाण्याचा अनुभव लाखो घरांनी करोनाच्या साथीत घेतला. पण डोक्याला मार लागल्यावर वास गेला असेल तर ते निराळे, आणि डॉक्टरांना आवर्जून सांगावयाचे.

दुसरी जोडी दृष्टीची. तिच्याविषयी दोनच गोष्टी सांगतो. क्षयाच्या उपचारात एथॅम्ब्युटॉल नावाची गोळी असते. ती क्वचित दृष्टीच्या तंतूला बाधते, आणि त्याची पहिली खूण म्हणजे अक्षरे धूसर होणे किंवा तांबडा-हिरवा रंग फिका वाटणे. असे वाटताच गोळ्या आपल्या मनाने सोडावयाच्या नाहीत, त्याच दिवशी आरोग्यकेंद्रात जाऊन सांगावयाचे. दुसरी गोष्ट विषारी दारूची. तिच्यातील मिथाइल अल्कोहोल हाच तंतू जाळते. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे अशा दारूने शंभरावर माणसे दगावली. पिणाऱ्याला सकाळी धुके पडल्यासारखे दिसू लागले, तर ती 'उतरण्याची' वाट पाहू नये.

डोळे हलविणाऱ्या तीन जोड्या आहेत: तिसरी, चौथी आणि सहावी. डॉक्टर बोट वर-खाली, आडवे फिरवितात व मान न हलविता त्याच्याकडे पाहावयास सांगतात. मग बाहुल्यांवर प्रकाश टाकतात. ही बाहुल्यांची परीक्षा विशेष बोलकी आहे. तिसऱ्या जोडीच्या तंतूत बाहुली आकुंचित करणारे धागे दोरखंडाच्या बाहेरच्या पदरासारखे कडेला असतात. बाहेरून काही दाबू लागले की ते प्रथम चेपतात. म्हणून एकाएकी भयंकर डोकेदुखी, एक पापणी मिटलेली, आणि ती उचलून पाहावी तो बाहुली मोठी व प्रकाशाला न दाद देणारी, असे असेल तर मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटण्याच्या बेतात असू शकतो. मधुमेहातही हा तंतू निकामी होतो व पापणी पडते. पण तेथे दोरखंडाचा गाभा उपाशी मरतो, बाहेरचा पदर वाचतो, आणि बाहुली बहुधा शाबूत राहते. बहुतेक मधुमेही रोगी काही महिन्यांत बरे होतात. दिसावयास दोघे सारखे आणि एकाला घटकेचा भरवसा नाही. म्हणून हा निवाडा डॉक्टरांनीच करावयाचा.

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवरून पडलेले मूल उठून बसते, हसते, खाते. मग दोन-चार तासांनी गुंगू लागते. 'दमले आहे, झोपू द्या' असे म्हणून पांघरूण घालू नये. डोक्याला मार लागल्यावर वाढती गुंगी, पुनःपुन्हा ओकारी, किंवा एक बाहुली दुसरीहून मोठी होणे ही कवटीत रक्त साचत असल्याची लक्षणे असू शकतात. बाहुली मोठी होण्याची वाट मात्र पाहावयाची नाही. ती उशिराची खूण आहे.

सहाव्या जोडीचा तंतू लांबचा प्रवास करतो, आणि कवटीतील दाब कोणत्याही कारणाने वाढला तरी त्याला ताण बसतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, खेळण्यावरून मन उडालेले, ओकाऱ्या, आणि मग मूल एकाएकी तिरळे पाहू लागले, तर क्षयाच्या विषाने मेंदूच्या आवरणाला सूज आली नाही ना, ही शंका प्रथम घ्यावी लागते. तिरळेपणापर्यंत थांबलेल्या मुलांचा उपचार कठीण होऊन बसतो. जन्मतः टोचली जाणारी बी. सी. जी. लस मुलांना विशेषतः क्षयाच्या ह्याच भयंकर प्रकारापासून राखते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते न केल्यास मनाला चुटपूट लागेल. जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो; पापण्या जड होऊन खाली येतात, शब्द अडखळतात, थुंकी गिळवत नाही. अंगावर दंशाचा डाग नाही. ही मण्यार सापाची करणी असू शकते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि दिसतही नाही. येथे मज्जातंतू आणि स्नायू ह्यांच्या सांध्यावर विषाचा घाला पडलेला असतो. हळूहळू सगळे अंग निपचित पडते, बाहुल्याही ताठरतात, आणि माणूस मेला असे वाटते. आत मात्र तो शुद्धीवर असून आपले रडणे ऐकत असू शकतो. प्रतिविष आणि यंत्राने चालविलेला श्वास ह्यांवर अशी माणसे पूर्ण बरी होऊन घरी आली आहेत. पापणी पडताच मांत्रिकाकडे नव्हे, श्वासयंत्र असलेल्या इस्पितळाकडे निघावे, आणि वाटेत कोणी 'संपले' म्हणाले तरी गाडी परत फिरवू नये.

पाचव्या जोडीच्या एका दुखण्याचा उल्लेख केला पाहिजे. चेहऱ्याच्या एका बाजूला, गालात किंवा जबड्यात, विजेच्या झटक्यासारखी कळ येते. दाढी करताना, दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागतानाही येते, आणि काही सेकंदांत जाते. पुष्कळांचे धड दात एकामागून एक काढले जातात व कळ तशीच राहते. दोष दातांत नसून तंतूत असतो आणि कार्बामॅझेपीन ह्या औषधाने तो बहुतेकांत आवरतो.

आठवी जोडी ऐकण्याची व तोल सांभाळण्याची. दूरध्वनी नेहमी उजव्या कानाला धरणारा माणूस नकळत डाव्या कानाला धरू लागला, तर त्या कानाची तपासणी करून घ्यावी. एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येण्यामागे कधीकधी तंतूवरील सौम्य जातीची गाठ असते, आणि ती लहान असताना सापडली तर बरे.

मग डॉक्टर "आ करा" म्हणतात. त्यांना घसा किती लाल आहे, एवढेच पाहावयाचे नसते. टाळू दोन्ही बाजूंस सारखा उचलला जातो की नाही, पडजीभ मध्यावर राहते की एकीकडे ओढली जाते, हे पाहावयाचे असते. दहाव्या जोडीचा एक तंतू गेला म्हणजे पडजीभ निरोगी बाजूकडे सरकते. दोन्ही गेले तर आवाज गेंगाणा होतो आणि पाणी पिताना नाकावाटे परत येते. लहान मुलाला घसा दुखून ताप आला, तो बरा झाला, आणि दोन-तीन आठवड्यांनी ते नाकात बोलू लागले तर तो लाड नसतो. घटसर्पाचे विष टाळूच्या तंतूंना पोचलेले असू शकते, आणि पुढे त्याने श्वास व हृदय ह्यांनाही धोका असतो. घटसर्प गेला असे आपण समजून चाललो आहोत, परंतु जेथे लस चुकते तेथे तो आजही डोके वर काढतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची टोचणी बहुतेक माता आठवणीने देतात; दीड वर्षाची आणि पाच ते सहा वर्षांची पूरक मात्रा, तसेच पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षाची, ह्या विसरल्या जातात. आजच घरातील कार्ड काढून पाहावे.

अकरावी जोडी खांदे उचलण्याची व मान वळविण्याची. मानेतील गाठ काढल्यावर खांदा पडला व हात डोक्यावर जाईना, तर हिची आठवण ठेवावी. बारावी जिभेची: जीभ बाहेर काढावयास सांगितली की ती दुबळ्या बाजूकडे वळते, कारण निरोगी बाजू तिला पलीकडे ढकलते. पडजीभ निरोगी बाजूकडे आणि जीभ रोगट बाजूकडे, हा घोटाळा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचाही परीक्षेत होतो; वाचकांनी लक्षात ठेवलाच पाहिजे असा आग्रह नाही.

इस्पितळात निघताना पूर्वीच्या औषधांच्या चिठ्ठ्या व साखर-रक्तदाबाच्या नोंदी बरोबर घ्याव्यात, आणि रोग्याचा एखादा जुना फोटोही घ्यावा. पापणी मुळातच थोडी खाली होती काय, हसताना ओठ पूर्वीपासूनच एकीकडे झुकत होता काय, ह्या प्रश्नावर घरात दोघांची तीन मते पडतात. डॉक्टर भिंगाने फोटो पाहून क्षणात ठरवितात. आताशा तो मोबाइलमध्ये सापडतो. नसेल तर भिंतीवरचा लग्नातला काढून न्यावा. त्यात चेहरा समोरून दिसतो आणि डोळे उघडे असतात, एवढे पुरे.